डुकरीण विण्यासाठी लोखंडी पिंजरा बसवावा की मोकळा गाळाच सुधारावा?

प्रश्न: सिमरोलचा वराहपालक

सर्वांना नमस्कार. इंदूरहून खंडव्याला जाणाऱ्या रस्त्यावर सिमरोलजवळ माझे लहानसे वराहपालन आहे. यॉर्कशायर आणि लँडरेस यांच्या संकरातल्या १४ माद्या सध्या माझ्याकडे आहेत. त्या आजवर आठ फूट लांब आणि सात फूट रुंद अशा साध्या गाळ्यांत वितात. जमीन सिमेंटची, भिंती सरळ, अंथरूण नाही आणि एका कोपऱ्यात पिल्लांसाठी टांगलेला दिवा, एवढीच तेथली व्यवस्था आहे.

गेल्या जानेवारीत एकाच आठवड्यात चार माद्या व्याल्या. ४१ पिल्ले जिवंत जन्मली आणि त्यांपैकी ११ पहिल्या चार दिवसांत गेली. नोंदवहीत त्यांतल्या ९ पिल्लांपुढे मी ‘आईखाली दबून’ असे लिहिले आहे. पहाटे गाळ्यात शिरल्यावर आईच्या पाठीमागून चेंगरलेले पिल्लू उचलावे लागते, तेव्हा आपले कुठे चुकते आहे हा विचार दिवसभर पाठ सोडत नाही.

शेतीसाहित्य पुरवणाऱ्या एका गृहस्थांनी मला लोखंडी प्रसूतिपिंजरे, ज्यांना आपण सगळे क्रेट म्हणतो, ते बसवण्याचा सल्ला दिला आहे. सात फूट लांब आणि दोन फूट रुंद नळ्यांच्या चौकटीत मादी उभी राहू शकते आणि आडवी होऊ शकते, पण वळू शकत नाही, त्यामुळे पिल्ले दोन्ही बाजूंना सुरक्षित राहतात, असे त्यांचे म्हणणे आहे. पैसे गुंतवण्यापूर्वी मी एके ठिकाणी जाऊन असे पिंजरे पाहून आलो. त्या रात्री व्यायला आलेली एक मादी पुढच्या पायांनी उघडी जाळी खरवडत होती, नळी चावत होती आणि वळता येत नाही हे कळूनही पुन्हा पुन्हा मान मागे नेत होती. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, आणि मेलेली पिल्लेही जात नाहीत. पिंजऱ्याने पिल्ले खरोखर वाचतात का, त्याचा आईवर काय परिणाम होतो, आणि आहे त्याच गाळ्यात काही करता येण्यासारखे आहे का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: निवृत्त पशुवैद्य, महू

आपण नोंदवही ठेवता हे वाचून फार बरे वाटले, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. ज्या ९ पिल्लांपुढे आपण ‘दबून’ असे लिहिले आहे, त्यांपैकी एकाचे तरी पोट उघडून पाहिले होते का? पुढच्या वेळी मेलेले प्रत्येक पिल्लू जवळच्या पशुवैद्याकडून उघडून घ्या. फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाकल्यावर बुडाला, तर त्या पिल्लाने श्वासच घेतलेला नव्हता आणि ते मेलेलेच जन्मले, मग ते आईखाली सापडले असले तरी. तुकडा तरंगला आणि जठर मात्र रिकामे निघाले, तर ते पिल्लू चीक न पिताच अशक्त होत गेले आणि शेवटी आईखाली आले. जठर दुधाने भरलेले असेल, तरच ते धडधाकट असताना चेंगरले असे म्हणता येईल. या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत आणि पिंजरा त्यांपैकी शेवटच्या प्रकारावरच सरळ लागू पडतो.

डुकराचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, ती वजनाच्या एक-दोन टक्केच असते. इतर अनेक प्राण्यांच्या नवजात पिल्लांना ऊब देणारी जी तपकिरी चरबी असते, ती तर त्याच्याजवळ नसतेच. आईच्या पोटातली ३९ अंशांची ऊब सोडून ते ओल्या अंगाने माळव्यातल्या जानेवारीच्या रात्री सिमेंटवर पडते. त्या वेळी आपल्याकडे बाहेरचे तापमान दहा अंशांच्या खाली गेलेले असते आणि पिल्लाला गरज असते ३२ ते ३४ अंशांची. गारठलेले पिल्लू सडापर्यंत पोहोचण्यात मागे पडते, चीक न मिळाल्याने आणखी गारठते, आणि गाळ्यात ऊब देणारी एकच मोठी वस्तू असते ती आई, म्हणून तिच्या कुशीला चिकटून पडून राहते. आई कूस बदलते तेव्हा चपळ पिल्लू बाजूला सरते, हे सरत नाही. आपल्या वहीत कारण ‘दबून’ असे पडते, पण त्याचे मरण सहा-आठ तास आधीच सुरू झालेले असते. जन्मताना एक किलोहून कमी भरलेली पिल्ले यात सर्वांत आधी जातात.

चिकाचेही महत्त्व येथेच आहे. डुकराच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भापर्यंत जात नाहीत, ती सगळी चिकातूनच मिळावी लागतात, आणि जन्मानंतर साधारण २४ तासांत पिल्लाच्या आतड्याची ती शोषून घेण्याची शक्ती संपते. प्रत्येक पिल्लाच्या पोटात पहिल्या दिवशी २०० ते २५० ग्रॅम चीक गेला पाहिजे. तिसऱ्या दिवशी लोहाचे इंजेक्शन द्यायला कोणी विसरत नाही, पण पहिल्या दिवशी कोणते पिल्लू प्यायले आणि कोणते नाही याकडे मात्र दुर्लक्ष होते, असे माझ्या नोकरीच्या काळात मी वारंवार पाहिले.

मग नुसती खोली गरम का करू नये? कारण आईची गरज उलटी आहे. तिला १८ ते २० अंशांत बरे वाटते आणि २५ च्या पुढे तिचे खाणे व त्याबरोबर दूध कमी होऊ लागते. डुकराला माणसासारखा घाम येत नाही. म्हणजे एकाच गाळ्यात दोन हवामाने सांभाळावी लागतात. त्यासाठी कोपऱ्यात चार फूट लांब आणि दोन फूट रुंद असा झाकणाचा खोका करा, ज्यात फक्त पिल्ले शिरू शकतील. त्यात कोरडे अंथरूण आणि वर उष्णता देणारा दिवा असावा. दिवा किती उंच टांगायचा हे पिल्लेच सांगतात. ती एकमेकांवर चढून ढीग करत असतील तर थंडी आहे, दिव्यापासून लांब कडेला पळाली असतील तर उकाडा आहे, आणि शेजारी शेजारी निवांत पसरली असतील तर सारे ठीक आहे. नुसता उघड्यावर टांगलेला दिवा वाऱ्याच्या एका झोताने निरुपयोगी होतो. आपल्या गाळ्यात मला पहिली उणीव दिसते ती हीच.

आता आईविषयी. आपण पिंजऱ्यात जे पाहिले, ते घरटे बांधणे होते. विण्याच्या सुमारे २४ तास आधीपासून मादीच्या शरीरातील संप्रेरके बदलतात आणि ती जागा उकरू लागते, तोंडाने गवत-काटक्या आणून रचू लागते. हा जोर विण्याआधीच्या सहा ते बारा तासांत सर्वाधिक असतो. रानडुकरीण हेच करते, आणि कित्येक पिढ्या गोठ्यात वाढलेली पांढरी यॉर्कशायरही हेच करते. एडिनबर्गजवळ स्टोल्बा आणि वुड-गश या अभ्यासकांनी पाळीव डुकरे झाडीच्या मोकळ्या आवारात सोडून पाहिली, तेव्हा त्या माद्या कळपापासून दूर जाऊन आडोशाला घरटी करून व्याल्या. पिंजऱ्यात घातल्याने ही ओढ नाहीशी होत नाही. सामान आणि जागा मिळाली नाही की ती जाळी खरवडण्यात आणि नळी चावण्यात जाते. अशा माद्यांच्या, विशेषतः पहिलारूंच्या, म्हणजे पहिल्यांदाच विणाऱ्यांच्या रक्तात ताणाचे संप्रेरक वाढलेले आढळते. अंथरूण असलेल्या मोकळ्या गाळ्याच्या तुलनेत पिंजऱ्यात प्रसूती लांबते, असे फिनलंडमधील अभ्यासांत दिसले आहे. प्रसूती लांबली की शेवटी येणाऱ्या पिल्लांना प्राणवायू कमी पडतो आणि ती मृत किंवा अर्धमेली जन्मतात. पिंजरा चेंगरणे कमी करतो हे खरे आहे, पण अशक्त पिल्ले वाढवून त्यातला काही भाग तो परत घेतो.

राहिली गोष्ट आडवे होण्याची. मादी आधी पुढचे गुडघे टेकते, मग मागचा भाग खाली नेते, आणि शेवटच्या टप्प्यात तिचे वजन तिच्या ताब्यात राहत नाही. टेकायला काही असेल तर ती त्याच्या आधाराने हळूहळू घसरत बसते. सरळ भिंतीला टेकली तर भिंत आणि पाठ यांच्यामध्ये सापडलेल्या पिल्लाला सुटायला वाट नसते. म्हणून भिंतीपासून आठ ते दहा इंच पुढे आणि जमिनीपासून आठ ते दहा इंच उंच अशी मजबूत नळी गाळ्याच्या तिन्ही बाजूंना बसवा. एका बाजूला तिरकी फळी लावता आली तर आणखी चांगले. जमीन निसरडी असेल, खूर वाढलेले असतील किंवा मादी फार लठ्ठ असेल, तर ती बसत नाही, कोसळते. यांपैकी आपल्याकडे काय आहे ते नीट पाहून घ्या.

उत्तर: सांवेरचे एक शेतकरी

डॉक्टरसाहेबांनी सांगितलेले सर्व मला मान्य आहे, तरी मी सात वर्षे पिंजरे वापरतो आहे आणि त्याचे कारण येथे सांगितले नाही तर चर्चा एकांगी होईल. माझ्याकडे ३० माद्या असून रात्री गाळ्यांवर एकच माणूस असतो. पहिलारू माद्या कधी कधी स्वतःच्याच पिल्लांवर धावून जातात आणि चावतात. एकदा अशा मादीने माझ्या माणसाची पोटरी फाडली होती. इंजेक्शन देताना, अडलेले पिल्लू ओढताना, अशक्त पिल्लाला सडाला लावताना मादी एका जागी असणे ही काम करणाऱ्याच्या जिवाची गोष्ट असते. ज्याच्याकडे प्रत्येक विताला माणूस बसवण्याची सोय आहे, त्याने मोकळा गाळा अवश्य ठेवावा.

पण पिंजऱ्याचे दोषही मी पाहिले आहेत. बारीक माद्यांच्या खांद्याचे हाड जमिनीला घासून तेथे जखमा होतात आणि त्या भरायला फार दिवस लागतात. हालचाल नसल्याने शेण घट्ट होते, बद्धकोष्ठ झालेली मादी खात नाही, आणि त्याचा फटका दुधाला बसतो. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी पिंजऱ्याची एक बाजू बिजागरीवर बसवून घेतली. इंदूरच्या लोहामंडीतून नळ्या आणल्या आणि गावच्या वेल्डरकडून काम करून घेतले. आता विणे पूर्ण झाले की मी मादीला बंद करतो आणि पाचव्या दिवशी बाजू उघडतो. खांद्याच्या जखमा जवळजवळ थांबल्या. दादा, आपण खरेदी करणारच असाल तर उघडणारा पिंजरा घ्या, कायमचा बंद घेऊ नका.

उत्तर: पशुवैद्यक विद्यार्थिनी, महू

सांवेरच्या काकांनी सांगितलेल्या पद्धतीवर डेन्मार्क आणि ऑस्ट्रिया येथे बरेच काम झाले आहे. चेंगरून होणारे बहुतेक मृत्यू पहिल्या तीन-चार दिवसांतच होतात, त्यामुळे तेवढ्याच काळासाठी मादीला बंद ठेवले तर पिंजऱ्याचा बराचसा लाभ मिळतो आणि पुढचे सर्व आठवडे ती मोकळी राहते. मात्र घरटे बांधण्याची वेळ प्रसूतीच्या आधीची असल्यामुळे, मादीला विण्यापूर्वीच बंद केले तर तिच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे तास आपण हिरावून घेतो. काका प्रसूती संपल्यावर बंद करतात, ही बारीक गोष्ट फार मोलाची आहे.

मोकळ्या गाळ्यांविषयी सर्वांत मोठी माहिती स्वित्झर्लंडमधून आली आहे. तेथील ६५५ शेतांवरील ६३ हजारांहून अधिक वितांच्या २००२ आणि २००३ मधील नोंदी तपासल्या गेल्या. मोकळ्या गाळ्यांत चेंगरलेली पिल्ले किंचित जास्त होती, पण इतर कारणांनी मेलेली कमी होती, आणि एकूण हानीत फरक आढळला नाही. हा आकडा अनेक ठिकाणी अर्धवट सांगितला जातो, म्हणून एक गोष्ट आग्रहाने मांडते. त्या देशात मोकळा गाळा म्हणजे उघडे सिमेंट नव्हे. तेथे नव्या प्रसूतिगाळ्याला किमान ५.५ चौरस मीटर जागा लागते, मादीला पेंढा मिळतो आणि पिल्लांना वेगळी उबदार जागा असते. आपला आठ गुणिले सात फुटांचा गाळा सुमारे ५.२ चौरस मीटरचा आहे, म्हणजे जागेत आपण फार मागे नाही. मागे आहोत ते गाळ्यात काय आहे त्या बाबतीत. पिंजरा काढून टाकला आणि त्याच्या जागी काहीच ठेवले नाही, तर पिल्ले मरणारच.

स्वीडन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड या देशांत विण्यासाठी मादीला नेहमीसाठी पिंजऱ्यात ठेवण्यास बंदी आहे. जर्मनीने २०२१ मध्ये नियम बदलले असून २०३६ पासून प्रसूतीच्या आसपासचे जास्तीत जास्त पाच दिवसच मादीला बंद ठेवता येईल. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये, ज्या पिंजऱ्यात प्राण्याला वाजवी हालचाल करता येत नाही अशा पिंजऱ्यात त्याला ठेवणे गुन्हा मानले आहे. वीस-पंचवीस वर्षे टिकणाऱ्या लोखंडात पैसे घालताना याचाही विचार व्हावा असे मला वाटते.

आणखी एक निरीक्षण मनाला लागले, ते लिहिते. मादी दर ४० ते ६० मिनिटांनी पिल्लांना पाजते. आधी ती विशिष्ट लयीत हुंकारते, पिल्ले आपापल्या ठरलेल्या सडाशी जमतात, हुंकार जलद होतो, आणि प्रत्यक्ष पान्हा अवघे वीसेक सेकंद टिकतो. मोकळी मादी आडवी होण्यापूर्वी पिल्लांना नाकाने हुंगते, बाजूला सारते, आणि एखादे ओरडले तर उठून उभी राहते. पिंजऱ्यातल्या मादीला मागे वळून पाहताच येत नाही, त्यामुळे काळजी घेणारी आणि निष्काळजी अशा दोन्ही माद्या तेथे सारख्याच दिसतात. कोणत्या आईच्या पोरी पैदाशीसाठी ठेवाव्यात हे मग आपल्याला कळत नाही.

उत्तर: देपालपूरहून एक महिला पशुपालक

माझ्याकडे सहाच माद्या आहेत, पण घरट्याच्या सामानाचा प्रश्न मी सोडवला आहे, म्हणून लिहिते. आपल्या भागात गहू आता हार्वेस्टरने निघतो आणि मागे उरलेली नरवाई, म्हणजे शेतातले खुंट, बरेच जण जाळून टाकतात, त्यामुळे लांब काड मिळत नाही. मळणीयंत्रातला बारीक भुसा मादीला तोंडात धरून नेता येत नाही आणि त्याची धूळही फार होते. सोयाबीनचे कुटार कडक असते, ते कासेला टोचते. मी दरवर्षी दोन वाफे गहू हाताने कापून त्याच्या पेंढ्या बांधून ठेवते. त्या संपल्या की तागाची जुनी बारदाने धुऊन, उन्हात वाळवून गाळ्यात टाकते. इंदूरच्या छावणी भागातल्या धान्यबाजारात ती सहज मिळतात. मादी ती फाडते, ओढत कोपऱ्यात नेते, पायाने सारखी करते, आणि त्यानंतर शांत पडून राहते. प्लॅस्टिकची पोती मात्र चुकूनही देऊ नयेत. पिल्ले बाहेर येऊ लागली की लांब चिंध्या काढून घ्या, पाय अडकतात.

भाऊ, वर थंडीविषयी बोलणे झाले आहे, पण वैशाखही लक्षात ठेवा. त्या दिवसांत मी मादीच्या मानेवर थेंब थेंब पाणी पडेल अशी बारीक नळी लावते आणि उतार असा ठेवते की पाणी पिल्लांच्या खोक्याकडे जाणार नाही. खाणे पहाटे आणि रात्री उशिरा देते. दुपारी ठेवलेले खाद्य तसेच आंबून जाते.

पुन्हा: सिमरोलचा वराहपालक

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, म्हणून मार्चअखेर जे घडले ते कळवणे माझे कर्तव्य समजतो. पिंजरे घेतले नाहीत. तीन गाळ्यांत तिन्ही बाजूंना नळ्या बसवल्या, झाकणाचे खोके केले आणि बारदाने दिली. तीन माद्या व्याल्या, २९ पिल्ले जिवंत जन्मली आणि तीन गेली. तिन्ही उघडून घेतली. दोघांचे जठर पूर्ण रिकामे होते. तिसरे दूध प्यायलेले होते, आणि ते नळी नसलेल्या दाराच्या बाजूला सापडले. आता तेथेही काढता येणारी नळी लावतो आहे. थंडी ओसरली होती, त्यामुळे हा सारा फरक गाळ्यामुळे पडला असे मी म्हणणार नाही. येत्या पौषात पुन्हा नोंदी पाहीन.

एक शंका उरली आहे. तिघींतली पहिलारू मादी पिल्ले येत असताना सारखी उठत होती आणि एका पिल्लाला तिने चावा घेतला. अशा मादीला बंद करावे का?

उत्तर: निवृत्त पशुवैद्य, महू

तिच्यासाठी सांवेरच्या बंधूंसारखा उघडणारा पिंजरा एखादा असू द्यावा. पण बंद करण्यापूर्वी एक करून पाहा. पिल्ले येतील तशी पुसून खोक्यात ठेवा आणि खोक्याचे दार लावून घ्या. मादी शांत होऊन कुशीवर पडली आणि कास सैल सोडली, की दोन-दोन पिल्ले सडाला लावा. मात्र चिकाला उशीर होऊ देऊ नका. दोन-तीन तास थांबूनही ती शांत झाली नाही, तर मला किंवा जवळच्या पशुवैद्याला बोलवा, तिला थोडे गुंगीचे औषध देता येते. बहुतेक पहिलारू पहिल्या पाजण्यानंतर पिल्लांना स्वीकारतात. दुसऱ्या वितालाही तिने असेच केले, तर तिला पैदाशीत ठेवू नका.